आधी जागा, मग बाजा

जुलै संपत आला की ऑफिसातली मंडळी एकच चौकशी करतात: यंदा रोटोटॉमला कोण येतंय? म्हणजे मुख्य स्टेजवर कोण गाणार. मला त्या यादीची फारशी उत्सुकता नसते. मी कऱ्हाडच्या मांडववाल्याचा मुलगा. लग्न असो, उरूस असो की सभा, कोण येणार हे आम्हाला शेवटी कळायचं. त्याआधी जमीन मुरमाड आहे की काळी, ट्रक कुठवर येतो, लाईटची फेज कुठून घ्यायची आणि पाऊस आला तर पाणी कुठल्या बाजूला पळेल, हे बघून झालेलं असायचं. अण्णांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी जागा, मग बाजा." आता नोकरीनिमित्त मी बार्सिलोनात राहतो, मांडवाशी संबंध राहिलेला नाही, पण नजर गेलेली नाही. एखादा रेगे (जमैकाचं संगीत) किंवा वर्ल्ड म्युझिकचा (देशोदेशीच्या संगीताचा) फेस्टिव्हल चालतो का आणि दुसरा का बसतो, याचं उत्तर मला गाण्यापेक्षा जमिनीतच जास्त सापडतं.

रोटोटॉम सनस्प्लॅश हा युरोपातला रेगेचा सगळ्यात मोठा मेळा. बार्सिलोना आणि व्हॅलेन्सियाच्या मधे, कास्तेयोन प्रांतात, समुद्राला लागून बेनिकासिम नावाचं गाव आहे. ऑगस्टच्या मध्याला तिथे आठवडाभर हा चालतो. मात्र जन्म इथला नाही. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, फ्रिउली भागात, स्पिलिंबेर्गोजवळ रोटोटॉम नावाचा एक क्लब होता. तिथे १९९४ साली पहिला सनस्प्लॅश झाला. दोन-तीन जागा बदलत २००० साली तो ओसोप्पोच्या एका बागेत स्थिरावला आणि दहा वर्षं तिथे वाढला. २००९ नंतर तिथून उठला. कारण मजेशीर आहे, म्हणजे ज्याच्यावर आलं त्याच्यासाठी नसेल. इटलीत तेव्हा अमली पदार्थांचा कडक कायदा होता. रेगेचा कार्यक्रम भरवणं म्हणजे गांजा ओढायला सोय करून देणं, असा आरोप संस्थापक फिलिप्पो जुंता यांच्यावर ठेवला गेला. पुढे ते निर्दोष सुटले, पण तोवर फेस्टिव्हल स्पेनला आलेला होता. २०१० पासून बेनिकासिम.

आता बेनिकासिमने हो का म्हटलं? कारण या गावाला सवय होती. १९९५ पासून इथे उन्हाळ्यात रॉक आणि इंडी संगीताचा मोठा फेस्टिव्हल होतो. मैदान तयार, वाहनतळ तयार, कॅम्पिंगची जागा तयार, रेल्वे स्टेशन गावातच. हॉटेलवाल्याला आणि बेकरीवाल्याला ठाऊक की तंबूत झोपणारी पोरं सकाळी नऊला पाव घ्यायला येतात. नाहीतर अठरा-एक हजार वस्तीच्या गावाने जटा वाढवलेल्या हजारो लोकांना आठवडाभर ठेवून घ्यायचं, हे सोपं नाही.

जागा गेली की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द जमैकातलं आहे. मूळ रेगे सनस्प्लॅश १९७८ साली माँटेगो बेच्या जॅरेट पार्कवर सुरू झाला. दुसऱ्या वर्षी बॉब मार्ली गायला आणि पावसाने मैदानाचा चिखल झाला, तरी लोक हलले नाहीत. पर्यटकांचा हंगाम नसताना हॉटेलं भरायला लागली. मग १९९३ मध्ये सनस्प्लॅश माँटेगो बे सोडून किंग्स्टनजवळ पोर्टमोरला गेला. त्याच उन्हाळ्यात माँटेगो बेत रेगे समफेस्ट नावाचा नवा फेस्टिव्हल उभा राहिला. आज समफेस्ट दरवर्षी भरतो. सनस्प्लॅश नव्वदीच्या अखेरीस थांबला. अधूनमधून कुणीतरी त्याला उठवून बसवायचा प्रयत्न करतं, पण ते नाव आता आठवणींतच जास्त. नाव एकाने नेलं आणि गाव दुसऱ्याला मिळालं. टिकलं ते गाव.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला 'रेगे ऑन द रिव्हर'ची गोष्ट याहून बोचरी. तिथल्या लोकांचं समाजमंदिर १९८३ साली जळालं. ते पुन्हा बांधायला पैसे हवेत म्हणून १९८४ मध्ये ईल नदीच्या काठी एक दिवसाचा रेगेचा कार्यक्रम केला. त्यातून नवीन इमारत उभी राहिली, आणि कार्यक्रम इतका वाढला की आजूबाजूच्या शाळा, अग्निशमन दल वगैरे तिथे खाण्याचे स्टॉल लावून वर्षाचा खर्च काढू लागले. असा फेस्टिव्हल कोण बंद पाडेल? बाहेरच्या कुणीच पाडला नाही. मूळ संस्था, आयोजनाचं काम बघणारी कंपनी आणि जमीनमालक यांच्यातच फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं. २००७ ला 'रेगे रायझिंग' या नव्या नावाने तिथेच मेळा भरला, आणि मूळ संस्थेला आपला फेस्टिव्हल दुसरीकडे, आकार कमी करून करावा लागला. रायझिंगही काही वर्षांत आटोपला. मला हे वाचताना आमच्याकडच्या यात्रा कमिट्या आठवल्या, पण तो विषय वाढवत नाही. नातेवाईक वाचतात.

पैशाचं म्हणाल तर, चांगला कार्यक्रम आणि यशस्वी कार्यक्रम यात केवढं अंतर पडू शकतं हे वोमॅड या वर्ल्ड म्युझिकच्या फेस्टिव्हलने पहिल्याच वर्षी दाखवलं. ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल आणि त्याच्या मित्रांनी जुलै १९८२ मध्ये इंग्लंडात शेप्टन मॅलेटला पहिला वोमॅड भरवला. बुरुंडीचे ढोलवाले, आयर्लंडचे चीफटन्स, आपले उस्ताद इमरत खाँ, सोबत तेव्हाचे गाजलेले ब्रिटिश रॉक बँड. आज ही यादी वाचली तरी जावंसं वाटतं. पण तेव्हा रेल्वेचा संप होता, तिकिटं खपली नाहीत आणि कर्ज डोक्यावर बसलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये गॅब्रिएलने ज्यांना सोडलं होतं त्या जेनेसिस बँडमधल्या जुन्या दोस्तांनी त्याच्याबरोबर एक कार्यक्रम केला आणि देणी फेडली. प्रत्येकाच्या गाठीला असा बँड नसतो. वोमॅड वाचला म्हणून १९८५ साली एसेक्समधल्या मर्सी बेटावर, मध्यरात्री, नुसरत फतेह अली खाँ साहेबांना अशा गोऱ्या श्रोत्यांसमोर बसता आलं ज्यांनी कव्वाली हा शब्दही ऐकला नव्हता. त्याचं ध्वनिमुद्रण २०१९ मध्ये बाहेर आलं, जरूर ऐका.

एका उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले होते. त्यांना रोटोटॉमला न्यायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्यांना काय त्यात? दिवसभर ऊन आणि रात्रभर धाडधाड." मी म्हटलं, गाणं नाही आवडलं तर मांडव बघतील. इथे एक गोष्ट मला फार आवडते: तेराच्या आतली मुलं आणि पासष्टच्या पुढची माणसं फुकट. आम्ही चौघं गेलो, तिकिटं दोनच. अण्णांना वाटलं मी काहीतरी वशिला लावला. पण ही दानत नाही, हिशेब आहे. मुलं आणि म्हातारी माणसं आली की सगळ्या मैदानाचं वागणं बदलतं. दारू पिऊन धिंगाणा घालणारा पोरगाही शेजारी कुणाची तरी आजी खुर्ची टाकून बसलेली बघून जरा सरळ चालतो. मुलांसाठी वेगळी जागा आहे, तिथे दिवसभर रंगकाम, सर्कशीचे खेळ, गोष्टी. आमची पोरगी तिथून निघायला तयार नसते.

अण्णा आत शिरल्या शिरल्या स्टेजकडे गेले. गाणं सुरू व्हायला वेळ होता. मान वर करून त्यांनी छताचे ट्रस बघितले, मग बाजूला जाऊन ताण दिलेल्या वायरी मोजल्या, पाण्याने भरलेल्या वजनाच्या टाक्या बोटाने वाजवून बघितल्या. "वाऱ्याचा विचार केलाय," म्हणाले. हे ते उगीच म्हणत नव्हते. वळवाच्या वाऱ्यात एकदा आमचा पूर्ण मांडव उडून शेजारच्या उसात पडला होता. सुदैवाने पंगत उठलेली होती. आणि इथेही, ऑगस्ट २०२२ मध्ये, व्हॅलेन्सियाच्या खाली कुयेरा गावात एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या फेस्टिव्हलमध्ये पहाटे अचानक गरम वाऱ्याचा झोत आला, प्रवेशद्वाराचे आणि स्टेजचे भाग कोसळले, बावीस वर्षांचा एक मुलगा गेला, कितीतरी जखमी झाले. त्यानंतर मी कुठल्याही फेस्टिव्हलला गेलो की आधी बाहेर पडायच्या वाटा बघून ठेवतो. कुणी हसलं तर हसू दे.

पण खरी मजा रात्री आली. रोटोटॉमला मुख्य स्टेजखेरीज डब अकॅडमी नावाचा एक भाग असतो. डब म्हणजे रेगेच्या रेकॉर्डमधले आवाज काढत-घालत केलेला प्रकार. तिथे गायक नाही, बँड नाही. जमैकन पद्धतीच्या साऊंड सिस्टीम, म्हणजे माणसापेक्षा उंच रचलेले स्पीकरचे डबे, आणि मधे लोक. किंग्स्टनमध्ये पन्नासच्या दशकापासून हे चालत आलंय. ज्यांना बँड परवडत नव्हता, क्लबात प्रवेश नव्हता, त्यांच्या वस्तीत चौकात डबे लावायचे आणि रेकॉर्ड वाजवायच्या. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड ही मंडळी आधी डबेवाली, मग स्टुडिओवाली. आणि ज्याने डब हा प्रकार घडवला तो किंग टबी तर मुळात इलेक्ट्रॉनिक्सचा कारागीर, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, स्वतःची सिस्टीम चालवणारा. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. आपला माणूस निघाला ना.

आमच्याकडे सुरुवातीला अहुजाचे भोंगे होते, मग डबे आले, पुढे मिरवणुकीत डीजेची भिंत आली आणि अण्णांनी साऊंडचा धंदा भावाकडे सोपवला. त्यांना ती भिंत सहन व्हायची नाही. म्हणून इथे डब्यांच्या रांगेसमोर त्यांना न्यायला मी जरा कचरत होतो. कानात घालायचे बोळे त्यांच्या हातात दिले. ते डब्यांसमोर उभे राहिले, बोळे न घालता. छातीवर हात ठेवला. मग उजवीकडे गेले, परत आले, दोन रांगांच्या बरोबर मधे थांबले.

"हितं बघ," म्हणाले, "कानाला टोचत न्हाई. बेस खाली धरलाय, टॉप दाबून ठेवलाय. बोललेलं ऐकू येतंय."

खरंच येत होतं. पोटात दणका बसत होता आणि तरी मी त्यांच्याशी साध्या आवाजात बोलत होतो. आमच्याकडच्या भिंतीत सगळं एकाच वेळी पुढे ढकलतात, मधला आवाज फाटेपर्यंत. इथे खालच्या सुरांना सगळ्यात जास्त जागा दिलेली आणि वरचे सूर हवे तेव्हा उघडायचे, हवे तेव्हा मिटायचे. अण्णा त्या चालवणाऱ्याकडे टक लावून बघत होते. मधेच तो बेस पूर्ण काढून घ्यायचा, नुसती झांज आणि गाण्याचा एखादा तुकडा हवेत राहायचा, लोक ओरडायचे, आणि मग बेस परत आणून सोडायचा. "पब्लिकला उपाशी ठेवतंय गडी," अण्णा म्हणाले. डबबद्दल मी बरंच वाचलंय, पण हे वाक्य त्या सगळ्याला पुरून उरलं.

ठेक्याचंही त्यांच्या लगेच लक्षात आलं. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा ढोल मोकळी सोडतो आणि जोर तिसरीवर पडतो. ज्याला समेवर थाप ऐकायची सवय आहे त्याचा पाय आधी अडखळतो. अण्णांचा दोन मिनिटं अडखळला, मग बसला.

मुख्य स्टेजवर मला कौतुक वाटतं ते दोन गाण्यांमधल्या वेळेचं नाही, दोन कलाकारांमधल्या वेळेचं. एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंत तास गेला तर पंधरा हजार माणसं काय करणार? बिअर पिणार आणि भांडणार. रेगेत यावर जुना तोडगा आहे. एकच बँड, चार गायक. सनस्प्लॅशच्या काळात लॉईड पार्क्सचा 'वी द पीपल' बँड एकामागून एक गायकांना साथ द्यायचा. ड्रम हलत नाहीत, माईक हलत नाहीत, गायक येतो आणि जातो. शिवाय जमैकाहून विमानाची तिकिटंही कमी लागतात. वर्ल्ड म्युझिकला हे जमत नाही. मालीचा कोरा, मंगोलियाचा मोरिन खूर, राजस्थानची कमायचा, प्रत्येक वाद्याला वेगळा माईक, वेगळी बैठक, वेगळा मॉनिटर. म्हणून तिथे शहाणे लोक दोन स्टेज आलटून पालटून चालवतात. एकीकडे वाजतंय तोवर दुसरीकडे मांडणी.

व्हिसा हा दुसरा जीवघेणा प्रकार. पोस्टरवर नाव छापायचं, आणि वकिलातीने आदल्या आठवड्यात नाही म्हणायचं. २०१८ मध्ये वोमॅडच्या संचालकांनी उघड सांगितलं की ब्रिटनच्या व्हिसाच्या कटकटीमुळे कलाकार निमंत्रणच नाकारू लागलेत. ज्याने स्वतः शेंगेन व्हिसासाठी बँकेच्या सहा महिन्यांच्या पानांवर शिक्के मारून घेतलेत, त्याला बामाकोच्या ढोलवाल्याची अवस्था वेगळी समजवावी लागत नाही. चांगला आयोजक म्हणून पोस्टरवर एखादा मोठा गायक ठेवतो आणि बाकी कार्यक्रम असा रचतो की तो नाही आला तरी लोकांना फसवल्यासारखं वाटू नये.

रोटोटॉमला दिवसा हेच दिसतं. दुपारी समुद्र, संध्याकाळी 'रेगे युनिव्हर्सिटी'त किंग्स्टनच्या जुन्या गायक-निर्मात्यांशी गप्पा, पलीकडे सोशल फोरममध्ये पाणी, स्थलांतर, आफ्रिका यांवर चर्चा, आफ्रिकन भागात ढोल आणि नाच शिकवणं. वोमॅडमध्ये तर कलाकार स्टेजवर स्वयंपाक करतात, आपल्या आईची पाककृती सांगत. ते मला अनेकदा त्यांच्या गाण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

चर्चा ठेवल्या की भांडणंही येतात. २०१५ मध्ये रोटोटॉमने अमेरिकन ज्यू गायक मतिसयाहूला बोलावलं, मग पॅलेस्टाईनच्या बाजूने बहिष्काराची मोहीम चालवणाऱ्या गटाच्या दबावाखाली त्याच्याकडे भूमिका स्पष्ट करणारं निवेदन मागितलं. त्याने दिलं नाही, तेव्हा फेस्टिव्हलने त्याचा कार्यक्रम रद्द केला. सगळीकडून टीका झाली, स्पॅनिश सरकारनेही झाप दिली, तेव्हा माफी मागून त्याला परत बोलावलं. तो गायला, समोर पॅलेस्टाईनचे झेंडे फडकत होते. माझं मत विचाराल तर पॅलेस्टाईनबद्दल फेस्टिव्हलने जरूर बोलावं, खुलेपणाने बोलावं, पण एका गायकाला तो ज्यू आहे म्हणून परीक्षेला बसवणं चूकच होतं. बॉब मार्लीचं 'वन लव्ह' टी-शर्टवर छापणं स्वस्त आहे.

आणि पाणी. दुसऱ्या एका मोठ्या फेस्टिव्हलला, नाव घेत नाही, दारावर आमच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाणी विकत. छत्तीस अंशांत. तिथे आम्ही परत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी संडासाची अवस्था काय आहे आणि रात्री दोनला बाई एकटी तंबूपर्यंत उजेडातून जाऊ शकते का, हे बायको आधी बघते. तिचा निकाल शेवटचा असतो.

आपल्याकडे हे होतं का? गोव्यात होतं. दिल्लीच्या रेगे राजाज या मंडळींनी २०१६ पासून जानेवारीत गोवा सनस्प्लॅश सुरू केला, किनाऱ्यालगत, आटोपशीर. पण आपल्याकडे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले ठरावीक पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, बस. युरोपात साऊंड सिस्टीम रात्री बाराला रंगात येते. पाळोळेला हेडफोन लावून रात्रभर नाचतात, पण डब हेडफोनवर म्हणजे काही अर्थ नाही, छातीला काय हेडफोन लावणार? तेव्हा आपल्याकडे हा प्रकार दिवसाढवळ्या करायचा, दुपारी सुरू करून दहाला गुंडाळायचा. त्यात वाईट काही नाही. पोरंबाळं, म्हातारे उलट जास्त येतील.

हे सगळं मी कोल्हापूरच्या एका मित्राला फोनवर सांगितलं, तर तो पेटलाच. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्याच्या मेव्हण्याची जमीन आहे, तिथे छोटासा रेगे आणि लोकसंगीताचा मेळा करायचा म्हणतो. नागपूरचा एक बँड आणि गोव्याची एक साऊंड सिस्टीम त्याच्या डोक्यात आहे. मी त्याच्याकडून जागेचा व्हिडिओ मागवून घेतला. विहीर आहे, सावली बरी आहे, शेजारी ऊस आहे पण जानेवारीपर्यंत तुटलेला असेल. अण्णांनाही दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि सांगितलं, जनरेटरची गाडी त्या फाटकातून आत वळणार नाही, बांध सहा फूट मागे घ्यावा लागेल. मेव्हण्याला विचारायला सांगितलंय.